गॅरेजचे दार आधी ठरवा, बीम नंतर ओता

नव्या बंगल्यात गॅरेजच्या दाराचा विचार सर्वांत शेवटी होतो. मग तोडकाम, अडकणारी गाडी आणि पावसाळ्यात आत शिरणारे पाणी यांचा भुर्दंड घरमालकाला सोसावा लागतो. दाराचा प्रकार, मोजमाप, जमीन, वीज आणि सुरक्षितता यांची सांगड कशी घालावी, याविषयी...

बंगल्याचे बांधकाम सुरू झाले की घरातील चर्चा स्वयंपाकघराचा ओटा, देवघराची दिशा आणि दिवाणखान्यातील फरशी यांभोवती फिरू लागते. गॅरेज मात्र नकाशावरील एका कोऱ्या आयतापुरते उरते. स्लॅब पडतो, गिलावा होतो, रंगारी कामाला लागतात आणि वास्तुशांतीची तारीख जवळ आल्यावर कोणाला तरी आठवते, की गॅरेजला दार बसवायचे राहिलेच. शटरवाल्याला बोलावणे जाते. तो टेप लावतो, वर बीमकडे पाहतो आणि सांगतो, 'साहेब, डबा बसवला तर खाली सातच फूट उंची राहील.' तोपर्यंत बीम ओतून कित्येक महिने झालेले असतात.

घरातील सर्वांत मोठी आणि सर्वांत जड हलती वस्तू म्हणजे गॅरेजचे दार. खोलीचे दार साधारण तीन फूट रुंद असते, गॅरेजचे नऊ ते दहा फूट. खोलीचे दार चुकले तर सुतार एका दिवसात ते बदलतो. गॅरेजच्या दारावर मात्र बीमची उंची, जमिनीचा उतार, विजेची नळी, छतावरील दिव्याची जागा आणि समोरचा रॅम्प एवढ्या गोष्टी अवलंबून असतात. म्हणूनच दाराची निवड बांधकामाच्या अखेरीस नव्हे, तर नकाशा कागदावर असतानाच व्हायला हवी.

बंद गॅरेज हवे की पोर्च पुरेल?

दार निवडण्यापूर्वी दाराची गरज आहे का, हे तपासणे शहाणपणाचे. महाराष्ट्रातील अनेक बंगल्यांत कंपाउंडचे फाटक आणि वर स्लॅब असलेला उघडा पोर्च एवढ्यावर भागते. पोर्चमध्ये हवा खेळती राहते आणि पावसात भिजून आलेली गाडी लवकर वाळते. उलट हवा न खेळणाऱ्या बंद खोलीत ओली गाडी रात्रभर उभी राहिली, तर दमट हवेमुळे पत्र्याला गंज धरण्यास मदतच होते.

बंद गॅरेजचे फायदेही तेवढेच खरे आहेत. धूळ, ऊन आणि पक्ष्यांची विष्ठा यांपासून गाडीच्या रंगाचे रक्षण होते, चोरीची भीती कमी होते आणि सायकली, शिडी, हत्यारे यांना हक्काची जागा मिळते. घर वर्षातून काही महिने बंद राहणार असेल किंवा रस्ता अगदी लगत असेल, तर बंद गॅरेज अधिक सोयीचे. ज्यांना हवा आणि सुरक्षितता दोन्ही हवी आहे, त्यांच्यासाठी जाळीचे शटर हा मधला मार्ग आहे.

गॅरेज नकाशात कोठे आणि किती जागेत बसवता येईल, हे मात्र घरमालकाच्या मर्जीवर नसते. मुंबई वगळता राज्यातील बहुतेक शहरांना २०२० साली एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. सामासिक अंतरात काय बांधता येते आणि काय नाही, याची खात्री वास्तुविशारदाकडून आधीच करून घ्यावी. मंजूर नकाशात वाहनतळ म्हणून दाखविलेल्या जागेत पुढे दुकान थाटणे वा भाडेकरू ठेवणे म्हणजे परवानगीचा भंग ठरतो, हेही ध्यानात ठेवावे.

आधी गाडी मोजा, मग भिंत

गॅरेजचे माप ठरविताना बहुतेक जण दारात उभी असलेली गाडी डोळ्यांसमोर ठेवतात. घर मात्र पन्नास वर्षांसाठी बांधले जाते आणि गाडी दहा वर्षांत बदलते. एका पिढीची पहिली मोटार असलेली मारुती ८०० ही १,४४० मिलिमीटर, म्हणजे सुमारे पावणेपाच फूट रुंद आणि ३,३३५ मिलिमीटर, म्हणजे सुमारे अकरा फूट लांब होती. तिचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. आजच्या रस्त्यांवरील इनोव्हा क्रिस्टा १,८३० मिलिमीटर रुंद आणि ४,७३५ मिलिमीटर लांब आहे, तर स्कॉर्पिओ-एनची रुंदी १,९१७ मिलिमीटर. ही मापे बाजूचे आरसे सोडून आहेत. दोन्ही बाजूंचे आरसे धरले, तर मोठ्या गाडीला सात फुटांच्या आसपास जागा लागते. मारुतीच्या काळात सात-साडेसात फुटांचे दार ठेवून बांधलेल्या अनेक गॅरेजांत आज गाडीऐवजी जुने फर्निचर का दिसते, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

एका गाडीसाठी दाराची मोकळी रुंदी किमान नऊ फूट असावी. वळण घेऊन आत शिरावे लागत असेल, तर दहा फूट उत्तम. 'मोकळी' हा शब्द येथे महत्त्वाचा. भिंतीतील गाळा नऊ फुटांचा असला, तरी त्यात दोन्ही बाजूंचे गाइड चॅनेल किंवा गोळा झालेला जाळीचा गठ्ठा बसला की गाडीला मिळणारी जागा कमी होते. दाराची उंची सात फूट चालते, पण छतावर सामानाचा कॅरिअर लावणाऱ्यांनी आठ फूट धरावी.

आतील लांबी-रुंदीचा हिशेबही सोपा आहे. सहा फुटांची गाडी, चालकाच्या बाजूला दार उघडून उतरण्यासाठी अडीच फूट आणि दुसऱ्या बाजूला दोन फूट, अशी साडेदहा फूट रुंदी होते. गाडीची साडेपंधरा फूट लांबी, पुढे-मागे चालण्यापुरते दोन-दोन फूट, म्हणजे साडेएकोणीस फूट. एका मोठ्या गाडीसाठी साडेदहा बाय वीस फूट हे माप त्यामुळे वाजवी ठरते. कपाट, वॉशिंग मशिन किंवा दुचाकी ठेवायची असल्यास तेवढी जागा वेगळी मिळवावी लागते.

कोणते दार कशासाठी?

दोन पाखांचे दार : लाकडी किंवा लोखंडी चौकटीचे, बाहेर उघडणारे हे जुने दार दुरुस्तीला सोपे आणि कोणत्याही गावच्या फॅब्रिकेटरला करता येण्याजोगे असते. त्यात स्प्रिंग नाही, मोटर नाही, डोक्यावर डबा नाही. मात्र नऊ फुटांच्या दाराचे प्रत्येक पाखे साडेचार फुटांचे होते आणि ते उघडण्यासाठी समोर तेवढी जागा मोकळी असावी लागते. वजनाने बिजागऱ्या झुकतात आणि पाखे जमिनीला घासू लागते. लाकूड पावसाळ्यात फुगते आणि वाळवीची धास्ती राहतेच.

चॅनल गेट : घडी होत बाजूला सरकणारे जाळीचे गेट स्वस्त, टिकाऊ आणि हवेशीर. गाडी बाहेरून दिसते, धूळ आणि पावसाची झड आत येते आणि घडीचा गठ्ठा रुंदी खातो. खालच्या पट्टीत माती व खडे अडकले की ओढताना घाम फुटतो.

सरकते दार : एका बाजूला सरकणाऱ्या दारासाठी त्या बाजूला दाराएवढीच मोकळी भिंत लागते. कोपऱ्यावरील किंवा लांबट भूखंडावर ते शोभते, रो-हाउसमध्ये क्वचितच जमते.

रोलिंग शटर : दुकानांमुळे सर्वांच्या परिचयाचे. लोखंडी पट्ट्या एकमेकींत अडकवून केलेला पडदा वरच्या पाइपभोवती गुंडाळला जातो आणि पाइपमधील स्प्रिंग त्याचे वजन तोलतात. समोर वा बाजूला जागा लागत नाही, बंद केल्यावर चांगली सुरक्षितता मिळते आणि दुरुस्ती करणारे सर्वत्र सापडतात. भारतीय मानक संस्थेचे 'आयएस ६२४८' हे मानक याच शटरसाठी आहे. पट्टीची जाडी विचारल्याशिवाय भाव ठरवू नये. ०.९ मिलिमीटर आणि १.२५ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या दिसायला सारख्याच, परंतु ताकदीत आणि वजनात बराच फरक. दोन कोटेशनांच्या दरांत तफावत असेल, तर तिचे मूळ अनेकदा येथेच असते. शटरचा दर चौरस फुटावर सांगितला जातो. त्या मोजमापात वरच्या डब्याची उंची धरली आहे का आणि स्प्रिंग, कुलूप, रंग, वाहतूक व बसविण्याची मजुरी दरात आहे का, हे लिहून घ्यावे. या शटरचा मोठा दोष म्हणजे आवाज. गॅरेजच्या वर शयनगृह असेल, तर पहाटे निघणाऱ्या एका माणसामुळे सारे घर जागे होते.

ओव्हरहेड सेक्शनल दार : परदेशी घरांत दिसणारे, आडव्या पॅनेलचे, रुळांवरून वर जाऊन छताला समांतर झोपणारे दार. दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या पॅनेलमुळे ऊन आणि आवाज दोन्ही कमी होतात. दिसायला देखणे, मोटरला अनुकूल. पण किंमत शटरच्या कितीतरी पट असू शकते आणि सुटे भाग मिळण्यासाठी शहरातील विक्रेत्यावर अवलंबून राहावे लागते. आपल्या गावात दुरुस्तीसाठी माणूस किती दिवसांत येईल, हा प्रश्न पॅनेलच्या रंगापेक्षा अधिक मोलाचा आहे.

किनारपट्टीवर निवडीचे निकष बदलतात. रत्नागिरी, अलिबाग किंवा गोव्यातील खाऱ्या हवेत साध्या लोखंडाला गंज लवकर धरतो. तेथे ॲल्युमिनियम किंवा जस्ताचा थर दिलेल्या आणि वर पावडर कोटिंग केलेल्या पट्ट्या घ्याव्यात. शटर रुंद असेल, तर वाऱ्याच्या दाबाने पट्ट्या चॅनेलमधून निसटू नयेत यासाठीची कडेची अडक मागून घ्यावी. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळानंतर वाऱ्याचा विचार कोकणात तरी चैनीचा राहिलेला नाही.

डोक्यावरची जागा

बहुतेक चुका येथे होतात. आठ फूट उंचीच्या शटरची गुंडाळी आणि तिचा डबा यांना सुमारे दीड फूट जागा लागते. समजा, गॅरेजचा स्लॅब दहा फुटांवर आहे आणि दारावरील बीम दीड फूट खाली आलेला आहे, म्हणजे बीमखाली साडेआठ फूट उरतात. शटरचा डबा बीमच्या खाली बसविला, तर दार सात फुटांचे होते. तोच डबा बीमच्या मागे, गॅरेजच्या आतल्या बाजूला बसविला, तर आठ फुटांचे दार सहज मिळते. मात्र त्यासाठी ब्रॅकेट पकडण्यास दोन्ही बाजूंना पक्की भिंत किंवा कॉलम हवा आणि डब्याच्या जागेत पंखा, दिवा वा पाण्याची नळी नको. हा निर्णय आरसीसी नकाशा तयार होतानाच कळविला, तर त्यासाठी वेगळा खर्च येत नाही. स्लॅबनंतर कळविला, तर छिन्नी-हातोडा आलाच.

ओव्हरहेड दाराला डोक्यावर साधारण एक ते सव्वा फूट पुरते, पण त्याचे रूळ छताखालून आत दाराच्या उंचीएवढे आणि वर आणखी दीड-दोन फूट जातात. म्हणजे आठ फुटांच्या दारासाठी आत दहा फुटांपर्यंतचा छताचा भाग गुंतला. दिव्याचा पॉइंट नेमका त्यावर आला, तर दार उघडताच गॅरेजमध्ये अंधार होतो.

मोटर, स्प्रिंग आणि घरातील मुले

वर उचलले जाणारे गॅरेजचे दार अमेरिकेत सी. जी. जॉन्सन यांनी १९२१ मध्ये तयार केले आणि १९२६ मध्ये त्याला विजेच्या यंत्राची जोड दिली. मुलाकडे वा मुलीकडे अमेरिकेत जाऊन आलेल्या आई-वडिलांना बटण दाबताच गाडीतूनच उघडणाऱ्या या दाराचे कौतुक वाटते आणि इकडे बंगला बांधताना तीच सोय हवीशी होते. त्या सोयीमागचा कडू अनुभव मात्र फारसा सांगितला जात नाही. बंद होणाऱ्या दाराखाली सापडून मुले दगावल्याच्या घटनांनंतर अमेरिकेत नियम कडक करण्यात आले. १ जानेवारी १९९३ पासून तयार होणाऱ्या घरगुती गॅरेजच्या मोटरींना, दाराखाली कोणी आल्यास ते थांबवून पुन्हा वर नेणारी प्रकाशकिरणाची किंवा दाराच्या कडेवरील संवेदकाची व्यवस्था सक्तीची झाली.

आपल्याकडे शटरला मोटर बसविताना हा भाग 'जादा खर्च' म्हणून वगळला जातो. तो वगळू नये. प्रकाशकिरणाचे डोळे जमिनीपासून सहा इंचांपेक्षा वर नसावेत. नाहीतर रांगणारे मूल किंवा झोपलेले कुत्रे किरणाखालीच राहते. भिंतीवरील बटण मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर आणि दार पूर्ण दिसेल अशा जागी असावे. रिमोट मुलांचे खेळणे होऊ देऊ नये.

ओव्हरहेड दाराच्या मोटरीची परीक्षा महिन्यातून एकदा घरीच घेता येते. दाराखाली दीड-दोन इंच जाडीचा लाकडी ठोकळा आडवा ठेवून दार बंद करावे. ठोकळ्याला टेकताच दार उलटे वर गेले पाहिजे. ते तसेच दाबत राहिले, तर दुरुस्ती होईपर्यंत मोटर वापरू नये.

वीज गेल्यावर दार हाताने उघडता येते का, हा दुसरा प्रश्न. भारनियमनाचा अनुभव असलेल्या गावांत तो पहिला ठरावा. आतून ओढायची मोकळी दोरी किंवा हाताने फिरवायची साखळी असतेच; पण गॅरेजला दुसरे दार नसेल, तर बाहेरून किल्लीने मोटर सोडविण्याची सोयही घ्यावी लागते.

स्प्रिंगच्या वाटेला मात्र घरमालकाने जाऊ नये. दार बोटाने उचलले जाते, कारण त्याचे सारे वजन ताणलेल्या स्प्रिंगने पेललेले असते. तो ताण अचानक सुटला, तर हात मोडण्यापासून जिवावर बेतण्यापर्यंत काहीही घडू शकते. ओव्हरहेड दाराची साधी स्प्रिंग सामान्यतः १०,००० उघडझापींसाठी बनविलेली असते. दिवसातून चार उघडझापी धरल्या, तर ती २,५०० दिवस, म्हणजे सात वर्षांच्या आत थकते. दार अचानक जड वाटू लागले किंवा अर्ध्यावर न थांबता खाली येऊ लागले, की तंत्रज्ञाला बोलवावे.

जमीन : गाडीचे वजन आणि पावसाचे पाणी

गॅरेजच्या जमिनीवर आठशे ते अठराशे किलोंचा भार रोज चार लहान ठिपक्यांवर येतो. खाली काळी माती असेल, तर ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर थेट कोबा केला, तर दोन-तीन पावसाळ्यांत जमीन तडकते. काळी माती काढून मुरूम भरावा, पाणी मारून तो थराथराने धुमसावा, त्यावर दगडी सोलिंग आणि मग चार इंच जाडीचे काँक्रीट, शक्यतो जाळी टाकून करावे.

काँक्रीटला पाणी मारण्यात कसूर झाली, तर चांगले सिमेंटही वाया जाते. 'आयएस ४५६' या मानकानुसार साध्या सिमेंटचे काँक्रीट किमान सात दिवस आणि राखमिश्रित सिमेंटचे किमान दहा दिवस ओले ठेवायला हवे. बाजारात आज राखमिश्रित सिमेंटचाच वापर मोठा आहे, त्यामुळे दहा दिवस धरूनच चालावे. गाडी आत नेण्याची घाई महिनाभर तरी करू नये.

उतार दाराच्या दिशेने, शंभराला एक एवढा ठेवावा. वीस फूट लांबीत तो अडीच इंचांच्या आत बसतो. गाडीवरून निथळणारे पाणी त्याने बाहेर जाते. दाराबाहेर आडवी जाळीची नाली केली, तर रॅम्पवरून येणारे पाणी आत शिरत नाही. जमीन रस्त्यापासून किती उंच असावी, याचाही हिशेब करावा. दहाला एक असा सौम्य उतार हवा असेल, तर घराच्या जोत्याएवढी दीड फूट उंची चढण्यासाठी पंधरा फूट लांब रॅम्प लागतो. अर्धा फूट उंचीसाठी पाच फूट पुरतात. गॅरेज घराच्या जोत्यापेक्षा खाली ठेवण्याचे कारण हेच. रॅम्प पदपथावर किंवा सार्वजनिक गटारावर ओढणे मात्र नियमबाह्य आहे.

वरच्या थरासाठी गुळगुळीत चकचकीत टाइल टाळावी. ओल्या चाकाखाली आणि पायाखाली ती घसरते. कोबा, चेकर्ड फरशी किंवा जाड पेव्हर ब्लॉक हे खात्रीचे पर्याय. इपॉक्सी रंगाने जमीन देखणी होते आणि तेलाचे डाग पुसता येतात, परंतु काँक्रीट निदान २८ दिवसांचे आणि कोरडे हवे. दीड फूट चौरस प्लॅस्टिक चारी कडांनी चिकटवून एक दिवस ठेवावे. खाली ओल दिसली, तर इपॉक्सी लावू नये. ते पापुद्र्यासारखे सुटून येते.

गाडी आत धुतली जात असेल, तर साबणाचे आणि तेलाचे पाणी सांडपाण्याच्या वाहिनीत सोडावे. पर्जन्य जलसंधारणाचा खड्डा जवळ आहे म्हणून ते त्यात वळविले, तर आपल्याच कूपनलिकेचे पाणी बिघडते.

हवा आणि वीज

बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये, दार अर्धे उघडे असले तरीही. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. माणूस गुंगीत जातो आणि कळण्यापूर्वी बेशुद्ध होतो. जनरेटरलाही हाच नियम लागू आहे. चालकाची वा राखणदाराची झोपण्याची सोय गॅरेजमध्ये करण्याची पद्धत या कारणासाठी सोडून द्यावी.

झरोके खाली आणि वर दोन्हीकडे हवेत. पेट्रोलची वाफ आणि घरगुती गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतात, तर सीएनजी हलका असल्याने छताकडे जातो. समोरासमोरच्या भिंतींत, जमिनीपासून अर्ध्या फुटावर आणि छतालगत, उंदीर शिरणार नाही अशा बारीक जाळीचे झरोके ठेवले की दोन्ही बाजू सांभाळल्या जातात. गॅस सिलिंडरचा साठा येथे करू नये. विजेचे सॉकेट जमिनीपासून दीड फुटाच्या वरच घ्यावेत.

आज डिझेलची गाडी असली, तरी पुढची विजेवर चालणारी असू शकते. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी घरच्या चालू वीजजोडणीवरून वाहन चार्ज करण्यास मुभा दिली आहे. साध्या १५-१६ अँपिअरच्या सॉकेटवरून सुमारे ३.३ किलोवॉटने, तर ३२ अँपिअरच्या भिंतीवरील चार्जरने सुमारे ७.२ किलोवॉटने चार्जिंग होते. हा भार तासन्‌तास राहतो. त्यामुळे मीटरपासून वेगळी वायर, तिचा स्वतंत्र एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि चांगले अर्थिंग आवश्यक आहे. मंजूर भार पुरेल का, हे वीज कंपनीकडे विचारून घ्यावे. आज चार्जर बसवायचा नसला, तरी भिंतीत रिकामी नळी टाकून ठेवावी. दाराच्या मोटरीसाठीही एक वेगळा पॉइंट याच वेळी काढावा.

भिंती, कोपरे आणि आतले दार

आतील भिंतींना सिमेंटचा गिलावा आणि खालचे चार फूट ऑइल पेंट किंवा साधी टाइल एवढे पुरते. चिखलाचे शिंतोडे पुसता येणे महत्त्वाचे, महागडी पुट्टी नव्हे. दाराजवळच्या भिंतीच्या कोपऱ्यांना लोखंडी अँगल बसवावा. पहिला ओरखडा तेथेच पडतो. मागच्या भिंतीपासून योग्य अंतरावर चार इंच उंचीचा चाकअडथळा केला की भिंतीला धडक बसत नाही. रंगाचे डबे आणि हत्यारे यांसाठी मांडणी मागच्या भिंतीवर, गाडीच्या बॉनेटपेक्षा उंच घ्यावी. पावडरचे एक अग्निशामक नळकांडे घरात जाणाऱ्या दाराजवळ टांगावे.

गॅरेजमधून घरात जाणारे दार भरीव आणि आपोआप बंद होणारे असावे. त्याचा उंबरा चार इंच तरी उंच ठेवावा, म्हणजे सांडलेले तेल-पेट्रोल आणि जमिनीलगतची वाफ घरात येत नाही. बाहेरचे शटर कितीही भक्कम असले, तरी या आतल्या दारालाही चांगले कुलूप हवे.

कामाचा क्रम

सर्वांत मोठ्या गाडीचे माप धरून दाराची रुंदी-उंची ठरवावी. दाराचा प्रकार निवडून शटरवाल्याकडून डब्याचे व रुळांचे माप लेखी घ्यावे. ते आरसीसी तज्ज्ञाला बीमचा नकाशा होण्यापूर्वी द्यावे. स्लॅब पडण्याआधी मोटर, दिवे आणि चार्जर यांच्या नळ्या टाकाव्यात. त्यानंतर जमीन, गिलावा, मग दाराचे अंतिम मोजमाप. जमिनीचा शेवटचा थर होण्यापूर्वी शटर तयार करवून घेतले, तर ते दोन इंच लांब तरी होते किंवा खाली फट तरी राहते. त्या फटीतून पाणी, उंदीर आणि क्वचित सापही येतो. खालच्या पट्टीला रबर लावून घेणे म्हणूनच आवश्यक. लोखंडी शटरला बसविण्यापूर्वी गंज घासून प्रायमर आणि दोन हात ऑइल पेंट द्यावा. पट्ट्यांच्या खाचांत नंतर ब्रश पोहोचत नाही.

शटरवाल्याशी करार करताना...

- पट्टीची जाडी, धातू आणि जस्ताचा थर यांचा बिलावर उल्लेख करून घ्यावा.
- दाराची 'मोकळी' रुंदी व उंची लिहून घ्यावी, गाळ्याची नव्हे.
- मोटरची हमी, प्रकाशकिरणाचा संवेदक आणि वीज गेल्यावर उघडण्याची सोय किमतीत आहे का, ते पाहावे.
- स्प्रिंग बदलण्याचा खर्च आणि तंत्रज्ञ येण्यास लागणारे दिवस आधीच विचारावेत.
- अखेरचा हप्ता दार वीस-पंचवीस वेळा उघडून-मिटून पाहिल्यावरच द्यावा.
- दरवर्षी मृगाच्या सरी येण्यापूर्वी गाइड चॅनेलमधील माती काढावी, पातळ तेल द्यावे आणि खालच्या पट्टीचा गंज तपासावा. चॅनेलमध्ये जाड ग्रीस भरू नये, त्यात धूळ चिकटून दार अडते.